वाचनालयाची वेबसाइट: वर्डप्रेस, विक्स की गुगल साइट्स?

गिरगाव_वाचक

नमस्कार मंडळी,

गिरगावातल्या एका छोट्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट करायची आहे. मला कोडिंग येत नाही. एक्सेल आणि वर्ड व्यवस्थित येतं. साइटवर हवं ते एवढंच: वेळा, पत्ता, वर्गणी आणि अनामत रक्कम, कार्यक्रमांच्या सूचना, दिवाळी अंकांची योजना आणि पुस्तकांची यादी. पुस्तकं सुमारे ९ हजार. यादी एक्सेलमध्ये आहे: दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकार. बरेच जुने सभासद आता बोरिवली, डोंबिवलीकडे राहायला गेलेत. पुस्तक आहे की नाही हे बघायला त्यांना चर्नी रोडपर्यंत यावं लागू नये, हा मुख्य हेतू आहे.

सूचना आमचे कार्यवाह काका टाकतील. ते फक्त फोन वापरतात. खर्च वर्षाला ५-६ हजारांच्या आत बसायला हवा. साइट बनवायच्या साधनांवरून समितीत तीन मतं आहेत. एक म्हणतात विक्स घ्या, सोपं आहे. दुसरे म्हणतात वर्डप्रेसच, कारण सगळे तेच वापरतात. तिसऱ्यांच्या ओळखीचा एक मुलगा एचटीएमएलमध्ये, म्हणजे हाताने कोड लिहून, साइट करून द्यायला तयार आहे. मी स्वतः गुगल साइट्स उघडून पाहिलं, ते जमेल असं वाटलं. पण पुढे अडणार तर नाही ना? सुरुवात कशाने करावी?

मीनल_पार्ले

सॉफ्टवेअरचं नाव ठरवण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून काढा. मजकूर कोण बदलणार आणि कशावरून? आणि ती सेवा बंद झाली किंवा समिती बदलली, तर सगळं उचलून दुसरीकडे कसं नेणार? संस्थेच्या साइटला दिसण्यापेक्षा या दोन उत्तरांनी जास्त फरक पडतो.

दुसरा प्रश्न उगाच नाही. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून पूर्वी फुकट वेबसाइट करता यायची. मार्च २०२४ मध्ये गुगलने त्या सगळ्या बंद केल्या. ज्यांनी स्वतःचं डोमेन (साइटचा नावाचा पत्ता) घेतलं होतं त्यांना त्याच पत्त्यावर नवी साइट उभी करता आली. बाकीच्यांच्या पाट्यांवर आणि पावत्यांवर छापलेला पत्ता निकामी झाला. म्हणून काहीही निवडा, डोमेन मात्र संस्थेचं स्वतःचं हवं.

आता तुमचे पर्याय. विक्समध्ये ओढून-ठेवून पान बनवणं खरंच सोपं आहे. पण त्यात बनवलेली साइट दुसऱ्या होस्टिंगवर (साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर) हलवता येत नाही. निवडलेला टेम्प्लेटही (तयार आराखडा) नंतर बदलता येत नाही, नवी साइट करून मजकूर पुन्हा भरावा लागतो. मोफत योजनेत विक्सची जाहिरात दिसते आणि आपलं डोमेन जोडता येत नाही. डोमेन हवं म्हणजे पैसे भरायची योजना आली, आणि एका वर्षी नूतनीकरण राहिलं तर साइट पुन्हा मोफत योजनेवर येते, डोमेन सुटतं. दुकानदाराला हे चालू शकेल. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला मी हे सुचवणार नाही.

एचटीएमएलची साइट सगळ्यात वेगवान, होस्टिंगही जवळजवळ फुकट. पण जुलैत सकाळी सात वाजता रुळांवर पाणी आलं आणि ‘आज वाचनालय बंद’ ही ओळ टाकायची झाली, तर त्या मुलाला फोन करावा लागणार. तो उचलेल का, हा सगळा प्रश्न आहे. मुलगा कितीही चांगला असला तरी तो बारावीनंतर पुण्याला जातो, नोकरीला लागतो, आणि साइट तीन वर्षं जुनी सूचना दाखवत बसते.

उरतात वर्डप्रेस आणि गुगल साइट्स. तुमच्या गरजेला आज गुगल साइट्स पुरेल, फक्त त्याच्या मर्यादा आधी माहीत असू द्या. साइट्सचं संपादन फोनवरून नीट होत नाही, संगणक लागतो. त्यामुळे कार्यवाह काकांना साइट्समध्ये पाठवूच नका. ‘सूचना’ नावाचा एक गुगल डॉक बनवा, तो मुख्य पानावर एम्बेड करा (म्हणजे पानातल्या चौकोनात बसवा), आणि काकांच्या फोनवर डॉक्सचं ॲप टाकून द्या. त्यांनी डॉकमध्ये वरती एक ओळ लिहिली की ती साइटवर दिसते.

इथे हमखास होणारी गडबड: ड्राइव्हमधला डॉक साइटवर टाकला, पण त्याची शेअरिंगची परवानगी ‘लिंक असलेला कोणीही पाहू शकेल’ अशी केली नाही. तुम्ही स्वतःच्या खात्यात लॉग-इन असता, म्हणून तुम्हाला तो दिसतो. सभासदाला मात्र परवानगी मागणारा रिकामा चौकोन दिसतो. प्रत्येक बदलानंतर साइट ब्राउझरच्या इनकॉग्निटो (लॉग-इन नसलेल्या) खिडकीत उघडून पाहा. शिवाय ‘पाहू शकेल’च्या जागी चुकून ‘संपादन करू शकेल’ झालं, तर कोणीही तुमची सूचना बदलू शकतो.

आणखी एक. एम्बेड केलेल्या चौकोनातला मजकूर सर्च इंजिन तुमच्या पानाचा म्हणून धरेलच असं नाही. पत्ता, वेळा, साप्ताहिक सुट्टी, वर्गणी हे थेट पानावर टाइप करा. त्याचं चित्र करून लावू नका. संस्था वेळांचं पोस्टर जेपीजी म्हणून लावतात आणि मग ‘गिरगाव वाचनालय वेळ’ असं शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही.

कुर्ला_वेबवाला

मीनलताईंचं डोमेनबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य, पण वर्डप्रेस इतक्या लवकर बाजूला काढू नका. सूचनांची संख्या वाढली की एका लांबलचक डॉकमध्ये गेल्या वर्षीच्या व्याख्यानमालेची माहिती शोधणं कठीण होतं. वर्डप्रेसमध्ये प्रत्येक सूचना ही स्वतंत्र नोंद असते. तिला तारीख, वर्ग आणि स्वतःची लिंक असते, आणि ती लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवता येते. फोनचं ॲपही आहे, काका त्यातून थेट लिहू शकतील.

आधी एक गोंधळ दूर करतो, कारण नवीन माणूस इथेच अडकतो. वर्डप्रेस डॉट कॉम ही ऑटोमॅटिक कंपनीची सेवा आहे, होस्टिंग त्यांचं, नियम त्यांच्या योजनेचे. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर मिळतं ते मुक्त सॉफ्टवेअर, २००३ पासून चालू असलेलं. ते तुम्ही कुठल्याही होस्टिंगवर टाकू शकता. मी बोलतोय ते दुसऱ्याबद्दल. सगळा मजकूर एका फाइलमध्ये निर्यात करून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येतो, हा त्याचा खरा फायदा.

शेअर्ड होस्टिंग घेताना पहिल्या वर्षाचा दर पाहू नका, नूतनीकरणाचा पाहा. तो बहुतेक ठिकाणी दुप्पट-तिप्पट असतो. जाहिरातीत महिन्याला शंभर रुपये दिसतात, ते तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तर. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) ८ च्या पुढचं, मोफत एसएसएल प्रमाणपत्र (सुरक्षित जोडणीसाठी) आणि रोजचा बॅकअप या तीन गोष्टी योजनेत लिहिलेल्या आहेत का ते तपासा. डोमेन धरून ५-६ हजारांत बसतं, पण काठावर.

बसवल्यावर पहिल्या अर्ध्या तासात करायच्या गोष्टी. सेटिंग्जमध्ये भाषा मराठी करा. टाइमझोन ‘कोलकाता’ निवडा, नाहीतर वेळ लावून ठेवलेली सूचना साडेपाच तास उशिरा प्रकाशित होते. पर्मालिंकमध्ये (नोंदीचा कायमचा पत्ता ठरवायच्या जागी) ‘नोंदीचं नाव’ हा पर्याय घ्या. काकांना ‘संपादक’ ही भूमिका द्या, ‘प्रशासक’ नको. संपादकाला मजकूर बदलता येतो, पण प्लगइन (वरून जोडलेली जादा सोय) किंवा थीम (साइटचं रूप) चुकून उडवता येत नाही. प्रशासकाचं युजरनेम ‘ॲडमिन’ ठेवू नका.

मराठीसाठी खास: नोंदीचं शीर्षक देवनागरीत असेल तर वर्डप्रेस त्याचाच पत्ता बनवतं. आत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नऊ अक्षरांचं होतं आणि पत्त्याला मर्यादा २०० अक्षरांची. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार धरून जेमतेम २२ चिन्हं. ‘दिवाळी अंक योजनेची नोंदणी सुरू’ हे शीर्षक मध्येच तुटतं. व्हॉट्सॲपवर तीच लिंक टक्क्यांच्या चिन्हांची लांब साखळी होऊन जाते आणि ज्येष्ठ सभासद ती उघडायला घाबरतात. प्रत्येक नोंदीला प्रकाशित करण्याआधी हाताने रोमन लिपीत दोन-तीन शब्दांचा पत्ता द्या. ब्लॉगरमध्ये उलटा त्रास आहे. तिथे देवनागरी शीर्षकातून काहीच उचललं जात नाही आणि सगळ्या नोंदींना ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे आकडा असाच पत्ता मिळतो.

पेज बिल्डर, म्हणजे पानाची मांडणी करून देणारं प्लगइन, घेऊ नका. पान सुंदर होतं, पण ते प्लगइन काढलं की मांडणी कोसळते आणि पान जड होतं ते वेगळंच. वर्डप्रेसचा स्वतःचा ब्लॉक एडिटर २०१८ पासून आहे, तुमच्या सात-आठ पानांना पुरेसा आहे. प्लगइन चारच्या वर नकोत: बॅकअप, फॉर्म, कॅश (पान लवकर उघडण्यासाठी), फार तर सुरक्षेचं एक. ‘प्रीमियम थीम फुकट’ म्हणून मिळणारी झिप फाइल कधीच टाकू नका. तिच्यात लपवलेला कोड असतो आणि महिन्याभरात साइट जुगाराच्या जाहिराती दाखवायला लागते.

पैसे भरण्याआधी करून पाहायचं असेल तर वर्डप्रेस प्लेग्राउंड आहे. ब्राउझरमध्येच वर्डप्रेस उघडतं, काही बसवावं लागत नाही. तिथे एक सूचना लिहा, एक फोटो टाका, मेनू बनवा. मात्र तिथलं काम टिकेल असं धरू नका, ते फक्त हात बसवण्यासाठी.

अक्षरजुळणी

साइट कशातही करा, त्याआधी एक तपासा. तुमची एक्सेलची यादी कोणत्या फॉन्टमध्ये आहे? एखाद्या रकान्यावर जाऊन फॉन्ट बदलून एरियल करा. मराठी मराठीच राहिली तर यादी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर चालणाऱ्या पद्धतीत आहे. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसला तर ती श्री-लिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये आहे. तशी यादी कुठल्याच साइटवर चालणार नाही. तुमच्या संगणकावर फॉन्ट असल्यामुळे तुम्हाला बरोबर दिसेल, सभासदाच्या फोनवर कचरा दिसेल.

दिसण्याबद्दल थोडक्यात. मजकुराला मुक्त किंवा नोटो सॅन्स देवनागरी चांगले. मुक्त हा एक टाइप या मुंबईच्याच संस्थेने बनवलेला आहे आणि गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. त्याची सात वजनं (अक्षराच्या जाडीचे प्रकार) आहेत, त्यातली साधं आणि ठळक एवढी दोनच घ्या. सगळी घेतली तर फोनवर पान उघडायला वेळ लागतो. अक्षर १८ पिक्सेल, ओळींमधलं अंतर १.६ ते १.७ पट. इंग्रजीसाठी बनवलेल्या थीममध्ये ते अंतर कमी असतं आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो.

अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा. बऱ्याच थीममध्ये शीर्षकांना थोडं अंतर दिलेलं असतं. रोमनमध्ये ते छान दिसतं, देवनागरीत शिरोरेखा तुकड्यातुकड्यांनी तुटते. इटॅलिकही टाळा. देवनागरी फॉन्टमध्ये सहसा खरं इटॅलिक नसतं, ब्राउझर अक्षरं नुसती तिरकी ढकलतो.

गिरगाव_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. एरियल करून पाहिलं, कचराच दिसला. म्हणजे यादी श्री-लिपीतली आहे. ९ हजार नावं पुन्हा टाइप करायची का?

आणि सूचना महिन्याला दोन-तीनच असतात, त्यामुळे सध्या गुगल साइट्सकडे कल आहे. पण यादीत शोधायची सोय कशी करायची? शीट एम्बेड करून पाहिली तर नुसता लांब तक्ता दिसतो, शोधायचा चौकोन कुठेच नाही. डोमेन कोणाच्या नावावर घ्यायचं, हेही सांगा.

अक्षरजुळणी

पुन्हा टाइप करायची अजिबात गरज नाही. श्री-लिपीच्या अलीकडच्या आवृत्त्यांबरोबर युनिकोडमध्ये रूपांतर करणारं साधन येतं. यादी ज्यांनी टाइप केली त्यांच्याकडे किंवा एखाद्या छापखान्याकडे ते असेल. मूळ फाइलची प्रत आधी बाजूला ठेवा. दाखल क्रमांकाचा रकाना रूपांतरात घेऊ नका, आकडे बिघडतात. नाव, लेखक, प्रकार हे तीनच रकाने एकेक करून बदला. आधी ५० ओळी करून डोळ्यांखालून घाला, मग बाकीच्या.

चुका ठरावीक जागी होतात. पहिली वेलांटी एक अक्षर मागे-पुढे सरकते, रफार चुकीच्या अक्षरावर बसतो, ‘द्य’, ‘द्ध’, ‘ह्म’ ही जोडाक्षरं फुटतात. एकदा चूक सापडली की ती यादीभर तशीच असते, त्यामुळे ‘शोधा आणि बदला’ने एका फटक्यात निघते.

खरी काळजी दोन अक्षरांची घ्या. ‘ॲ’ हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी लिहिलं जातं: एक, एकसंध अक्षर म्हणून, दुसरं, ‘अ’, मग न दिसणारं जोडचिन्ह, मग चंद्र. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, शोधयंत्राला ती वेगळी वाटतात. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतल्या अर्ध्या रचंही तसंच: एका पद्धतीत खाली टिंब असलेला ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र’ आणि न दिसणारं जोडचिन्ह. यादीत एक पद्धत आणि सभासदाच्या कीबोर्डवर दुसरी असली, तर पुस्तक कपाटात असून ‘सापडलं नाही’ असं उत्तर येतं. फोनवर मराठी कीबोर्डने हे शब्द टाइप करून पाहा, जे रूप येतं तेच यादीभर करून घ्या.

मीनल_पार्ले

शोधासाठी गुगलचंच लुकर स्टुडिओ वापरा, शीटमधल्या माहितीचा रिपोर्ट बनवायचं साधन, फुकट आहे. यादी गुगल शीटमध्ये टाका. ९ हजार ओळी गुणिले पाच-सहा रकाने म्हणजे पन्नासएक हजार चौकोन; शीटची मर्यादा १ कोटीची आहे, तेव्हा ती चिंता नाही. लुकर स्टुडिओत नवा रिपोर्ट करा, माहितीचा स्रोत म्हणून ती शीट जोडा, एक तक्ता ठेवा, आणि वरती ‘इनपुट बॉक्स’ नावाचं कंट्रोल दोनदा ठेवा. एक पुस्तकाच्या नावाला, एक लेखकाला. त्याच्या सेटिंगमध्ये शोधाचा प्रकार ‘कंटेन्स’ करा. तो ‘इक्वल्स’ राहिला तर नाव जसंच्या तसं पूर्ण टाकावं लागतं आणि लोक म्हणतात की शोध चालत नाही. मग रिपोर्ट ‘लिंक असलेला कोणीही’ला दाखवा, फाइल मेनूतून एम्बेड चालू करा आणि ती लिंक साइट्सच्या पानावर लावा. शीटमध्ये केलेला बदल साधारण १५ मिनिटांत रिपोर्टमध्ये येतो.

शीटमध्ये एक जादा रकाना करा आणि त्यात पुस्तकाचं व लेखकाचं नाव रोमन अक्षरांत लिहा. मराठी पुस्तक शोधतानाही अनेक जण फोनवर रोमनमध्येच टाइप करतात. सगळ्या ९ हजारांचं एकदम नको, जास्त मागणी असलेल्या पाचशेपासून सुरू करा. त्या रकान्यालाही एक इनपुट बॉक्स लावा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. ही शीट पूर्ण वेगळी फाइल असू द्या. सभासदांची नावं, फोन नंबर, कोणाकडे कोणतं पुस्तक आहे ही नोंद त्याच फाइलच्या दुसऱ्या पानावर असेल, तर लिंकने शेअर केल्यावर ते पानही उघडं पडतं. ‘वेबवर प्रकाशित करा’ हा पर्याय वापरलात तर तिथे सुरुवातीलाच ‘संपूर्ण दस्तऐवज’ निवडलेलं असतं. पान लपवून ठेवलं म्हणजे ते सुरक्षित झालं असं समजू नका.

ग्रंथपाल_मुलुंड

तंत्राबद्दल वर सगळं आलंय. ग्रंथालयाच्या बाजूने थोडी भर घालतो.

डोंबिवलीहून येणाऱ्या सभासदाचा प्रश्न ‘तुमच्याकडे हे पुस्तक आहे का’ एवढाच नसतो. आज ते कपाटात आहे का, हे त्याला हवं असतं. दाखल नोंदवहीवरून केलेली यादी पहिल्याचं उत्तर देते, दुसऱ्याचं नाही. शीटमध्ये ‘उपलब्ध’ किंवा ‘बाहेर’ असा रकाना ठेवायचा मोह होईल. देवघेवीच्या टेबलावरचा माणूस प्रत्येक पुस्तकामागे तो रकाना बदलणार असेल तरच ठेवा. आठवड्यातून एकदा बदलणार असाल तर यादी खोटं बोलते, आणि माणूस लोकलचे दोन तास घालवून हात हलवत परत जातो. त्यापेक्षा शोधाच्या पानावर ठळक लिहा: ‘यादीत सापडलेलं पुस्तक राखून ठेवण्यासाठी दाखल क्रमांक कळवा.’ खाली वाचनालयाच्या व्हॉट्सॲप नंबरची लिंक द्या. नंबर संस्थेचा हवा, काकांचा खासगी नको. लिंकमध्ये नंबराआधी ९१ लावा, अधिकचं चिन्ह आणि शून्य लावू नका.

यादी चढवण्याआधी बाद पुस्तकं काढून टाका. गहाळ, वाळवीने खाल्लेली, पावसाळ्यात भिजलेली पुस्तकं नोंदवहीत तशीच असतात. लेखकाचं नाव एकाच पद्धतीने लिहा: आडनाव, मग नाव. अर्ध्या यादीत आद्याक्षरं आणि अर्ध्यात पूर्ण नाव असेल तर शोध अर्धाच चालतो. क्रमवारी लावल्यावर ‘क्ष’ने सुरू होणारी नावं ‘क’मध्ये जातात आणि ‘ज्ञ’ची ‘ज’मध्ये. ते यंत्राचं वळण आहे, यादी चुकलेली नाही.

कोणी कोहा सुचवेल. ग्रंथालयांसाठी बनवलेलं ते मुक्त सॉफ्टवेअर उत्तमच आहे, देवघेव आणि शोध दोन्ही त्यात आहे. पण त्याला स्वतःचा लिनक्स सर्व्हर लागतो, साध्या शेअर्ड होस्टिंगवर ते चालत नाही, आणि सांभाळायला माहितगार माणूस हवा. संगणकावर देवघेव सुरू करायची ठरेल तेव्हा त्याचा विचार करा.

कुर्ला_वेबवाला

महिन्याला दोन-तीन सूचना असतील तर मीही गुगल साइट्सच म्हणेन. वर्डप्रेसला दर आठवड्याला कोणीतरी अपडेट पाहावे लागतात, तेवढं काम तुमच्या सूचनांमध्ये नाही. सूचना वाढल्या तर नंतर वर्डप्रेसवर या. डोमेन तुमचंच असल्यामुळे पत्ता बदलणार नाही आणि यादी शीटमध्येच राहील.

डोमेन संस्थेच्या नावावर घ्या. आधी संस्थेचं वेगळं गुगल खातं काढा आणि डोमेन, साइट, शीट, लुकर स्टुडिओ सगळं त्याच खात्यावरून करा. तुमच्या खासगी खात्यावर काहीच नको. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि गुगल देतो ते दहा बॅकअप कोड छापून वाचनालयाच्या कपाटात ठेवा. ते राहून गेलं आणि कार्यवाह बदलले, तर ओटीपी जुन्या कार्यवाहांच्या फोनवर जात राहतो. दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल बंद करू शकतं, म्हणून लॉग-इन होत राहायला हवं.

डॉट इन किंवा डॉट ऑर्ग, दोन्ही चालतील. खर्च साधारण वर्षाला हजाराच्या आसपास. एकदम पाच वर्षांचे पैसे भरा, समित्यांमध्ये नूतनीकरणाचा ईमेल कोणीच वाचत नाही. डॉट ऑर्ग मुदतीत भरलं नाही तर रद्द झाल्यावर ३० दिवस ते परत घेता येतं, पण दंडासकट. त्यानंतर ते कोणीही घेऊ शकतं. विकत घेताना होस्टिंग, ईमेल, ‘साइट बिल्डर’ असं बरंच टोपलीत आपोआप टाकलेलं असतं. ते सगळं काढून फक्त डोमेन घ्या.

जोडताना साइट्सच्या सेटिंगमध्ये ‘कस्टम डोमेन’ उघडा. गुगल मालकी तपासायला एक टेक्स्ट नोंद देतं, ती डोमेन कंपनीच्या डीएनएसच्या पानावर (डोमेन कुठे न्यायचं त्या नोंदींच्या पानावर) जशीच्या तशी चिकटवा. मग सीनेम प्रकारची दुसरी नोंद करा: नावाच्या जागी तीन डब्ल्यू, ‘व्हॅल्यू’च्या जागी ‘जीएचएस डॉट गुगलहोस्टेड डॉट कॉम’. आधीपासून तीन डब्ल्यूच्या नावाने दुसरी नोंद असेल तर ती काढा, दोन्ही एकत्र राहू शकत नाहीत. बदल पसरायला काही तास लागतात, कधी पूर्ण दिवस. तोवर पुन्हा पुन्हा नोंदी बदलत बसलात तर गोंधळ वाढतो.

हे झाल्यावरही तीन डब्ल्यूशिवायचा पत्ता चालणार नाही. त्यासाठी डोमेन कंपनीच्या पानावर ‘फॉरवर्डिंग’ लावून तो तीन डब्ल्यूच्या पत्त्यावर वळवा. काही कंपन्यांचं फॉरवर्डिंग एचटीटीपीएसला (सुरक्षित जोडणीला) जुमानत नाही आणि ब्राउझर लाल इशारा दाखवतो. तेव्हा पाटीवर, पावतीवर आणि क्यूआर कोडमध्ये पत्ता तीन डब्ल्यूसकटच छापा.

वर्गणीसाठी पेमेंट गेटवेच्या मागे लागू नका. त्याला पॅन, केवायसी, परताव्याचं धोरण आणि अटींची पानं लागतात, वर प्रत्येक व्यवहारामागे साधारण दोन टक्के आणि जीएसटी जातो. संस्थेच्या बँक खात्याचा यूपीआय क्यूआर पानावर लावा. शेजारी खात्यावर दिसणारं नाव लिहा, म्हणजे पैसे भरणाऱ्याला स्कॅन केल्यावर ते ताडून बघता येईल. आणि पैसे भरल्यावर सभासद क्रमांक त्याच व्हॉट्सॲप नंबरवर कळवायला सांगा, नाहीतर पासबुकात आलेले दोनशे रुपये कोणाचे हे शोधायला महिना जातो.

फोटो चढवताना फोनमधला मूळ फोटो तसाच टाकू नका, तो चार-पाच एमबीचा असतो. रुंदी १२०० ते १६०० पिक्सेलवर आणा. स्क्वूश हे ब्राउझरमधलं साधन त्याला पुरतं, फोटो दोनशे-तीनशे केबीत बसतो.

गिरगाव_वाचक

रूपांतराच्या ५० ओळींपासून उद्या सुरुवात करतो. संस्थेचं गुगल खातं काढायला समितीची मंजुरी लागेल, ती या शनिवारच्या बैठकीत घेतो. एक शेवटचं: लुकर स्टुडिओचा तक्ता फोनवर फार बारीक दिसतोय, आडवा सरकवावा लागतो.

मीनल_पार्ले

रिपोर्टचं पान मुळात मोठ्या पडद्यासाठी असतं. पानाच्या मांडणीच्या सेटिंगमध्ये कॅनव्हासची रुंदी साधारण ४०० पिक्सेल करा, उंची ८००. तक्त्यात तीनच रकाने ठेवा: नाव, लेखक, दाखल क्रमांक. ‘प्रकार’ काढून त्याचा वरती ड्रॉपडाउन करा. अक्षर १६ च्या खाली नको, आणि ‘मजकूर गुंडाळा’ चालू करा म्हणजे लांब नावं कापली जाणार नाहीत. साइट्सच्या पानावर तो चौकोन मधल्या अरुंद रकान्यात ठेवा. आणि वाचनालयाच्या वायफायवर नको, मोबाइल डेटावर एकदा उघडून पाहा. चर्चगेट-विरार गाडीत बसलेल्या माणसाला उघडलं तर सगळ्यांना उघडेल.